अध्यक्षाची निवड आणि जनतेचें वकीलपत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनीं, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारीं, अध्यक्षपदासाठीं मतदान होतें. आणि निकालाचा रंग स्पष्ट झाला कीं विजयी उमेदवार आपल्या अनुयायांपुढें येऊन त्यांचे आभार मानतो. आभारापाठोपाठ त्याच्या तोंडीं बहुधा दुसराहि एक शब्द येतो. तो शब्द ‘मॅन्डेट’. मराठींत त्याला जनादेश म्हणतात. जनतेनें आपल्याला नुसतें निवडलें नाहीं, तर आपण काय करावें हेंहि सांगून ठेवलें आहे, असा त्याचा भावार्थ असतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पहाटें, फ्लॉरिडांतील वेस्ट पाम बीच येथें, डोनाल्ड ट्रंप यांनीं अमेरिकेनें आपल्याला अभूतपूर्व आणि प्रबळ जनादेश दिला असल्याचें जाहीर केलें.

पुढें साऱ्या संस्थानांची मोजणी पुरी झाली तेव्हां ट्रंप यांना सुमारें ७ कोटी ७३ लाख व त्यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांना सुमारें ७ कोटी ५० लाख मतें मिळाल्याचें दिसून आलें. शेंकडेवारी काढली तर एकास ४९.८ आणि दुसऱ्यास ४८.३, म्हणजे मतदानास आलेल्यांपैकीं निम्म्याहून किंचित् अधिक लोकांनीं विजयी उमेदवारास मत दिलें नव्हतें. निर्वाचकांच्या मोजणींत मात्र हाच सामना ३१२ विरुद्ध २२६ असा सुटला. आणि मताधिकार असून जे घरींच बसले त्यांनाहि हिशेबांत धरलें, तर विजयी उमेदवारामागें देशांतील मतदारांचा जेमतेम तिसरा हिस्सा उभा होता. तिन्ही हिशेब खरे आहेत. निवडणूक कायदेशीर होती आणि अध्यक्षपदावरील हक्कहि पुरा होता. प्रश्न आहे तो त्याच्या पुढचा. या आकड्यांतून पद मिळतें. पण आज्ञाहि मिळते काय?

मूळ शब्द लॅटिन आहे. हातीं सोंपविणें असा त्याचा अर्थ. रोमन कायद्यांत एकानें दुसऱ्यावर सोंपविलेल्या कामासाठीं तो वापरीत. पहिल्या महायुद्धानंतर इराक, पॅलेस्टाईन, सीरिया हे मुलूख राष्ट्रसंघाच्या नांवानें ब्रिटन व फ्रान्स यांच्या हवालीं झाले तेव्हांहि हाच शब्द योजिला होता, आणि तेथील रहिवाशांच्या संमतीची वाट कोणी पाहिली नव्हती. आपल्याकडील व्यवहारांत या शब्दाला सर्वांत जवळचें म्हणजे वकीलपत्र किंवा मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्रावर कामाची व्याप्ति लिहिलेली असते. अमुक गटाची जमीन विकावी, अमुक दावा चालवावा, यापलीकडे मुखत्यारानें पाऊल टाकलें तर मालक तें नाकारूं शकतो. म्हणजे मूळ अर्थानें हा शब्द हात बांधणारा आहे. अमेरिकेच्या राजकारणांत त्याचा उपयोग नेमका उलटा होतो. अध्यक्ष तो उच्चारतो तो आपले हात मोकळे करून घेण्यासाठीं. शिवाय ज्या कागदावर हें वकीलपत्र लिहिलें गेलें असें सांगतात, त्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदापुरतीं उमेदवारांचीं आणि त्यांच्या पक्षांचीं नांवें तेवढीं असतात. कामाचा रकाना तिच्यावर नसतो.

राज्यघटनेंत जनादेशाची कल्पना शोधून सांपडणार नाहीं. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें जमलेल्या घटनाकारांपैकीं बहुतेकांना लोकांनीं अध्यक्ष थेट निवडावा ही सूचनाच मानवली नाहीं. एवढ्या विस्तीर्ण देशांत दूरच्या माणसाची पारख मतदारांना कशी व्हावी, अशी कित्येकांना शंका होती. लहान संस्थानांना मोठ्यांची धास्ती होती. आणि दक्षिणेची अडचण तर जेम्स मॅडिसन यांनीं सभेंतच बोलून दाखविली होती. थेट मतदान झालें तर दक्षिणेला तिच्या गुलामांच्या संख्येचा लाभ मिळणार नव्हता. निर्वाचकांच्या योजनेंत तो मिळत होता, कारण प्रतिनिधिगृहांतील जागा ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें अशी गणना ठरली होती आणि निर्वाचकांची संख्या त्या जागांवर अवलंबून होती. अखेर प्रत्येक संस्थानानें आपल्या कायदेमंडळाला रुचेल त्या रीतीनें निर्वाचक नेमावेत व त्यांनीं अध्यक्ष निवडावा, असें ठरलें.

आज या निर्वाचकांची संख्या ५३८ आहे: प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांइतके, सिनेटच्या १०० जागांइतके, आणि १९६१ च्या घटनादुरुस्तीनें राजधानीच्या जिल्ह्यास मिळालेले ३. ज्याला २७० मिळाले तो अध्यक्ष. २०२४ च्या निवडणुकींत मेन आणि नेब्रास्का हीं दोन संस्थानें वगळतां बाकीच्या सर्वांनीं आपलीं सगळीं निर्वाचक-मतें तेथें आघाडीवर असलेल्या उमेदवाराच्या पदरांत टाकलीं. आघाडी दहा लाखांची असो वा दहा हजारांची, फळ सारखेंच. टेनिसच्या सामन्यांत एकंदर गुण अधिक मिळवूनहि खेळाडू हरूं शकतो, कारण जिंकावयाचे असतात ते सेट. येथेंहि तसेंच आहे. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांना ट्रंप यांच्याहून सुमारें २८ लाख ७० हजार मतें अधिक मिळालीं आणि त्या हरल्या. २०२० सालीं जो बायडेन यांना ट्रंप यांच्यापेक्षां सुमारें ७० लाख मतें अधिक होतीं. तरीहि अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन संस्थानांतील मिळून सुमारें ४३ हजारांची आघाडी नसती, तर निर्वाचक-मतें २६९ विरुद्ध २६९ अशीं अडून बसलीं असतीं. ही पद्धत चांगली कीं वाईट, हा वाद जुना आहे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं ती लहान विजय फुगवून मोठा दाखविते, आणि क्वचित् पराभवालाहि विजयाचें रूप देते.

मग निकालांतून आज्ञा वाचण्याची चाल पडली कोठून? तिचा जनक म्हणून अँड्र्यू जॅक्सन यांचें नांव घ्यावें लागतें, आणि त्यांची कथा मुळापासून पाहण्यासारखी आहे.

१८२४ च्या निवडणुकींत चार उमेदवार होते. जॅक्सन यांना निर्वाचकांचीं ९९ मतें पडलीं, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७. बहुमतास १३१ हवीं होतीं. तीं कोणालाच न मिळाल्यामुळें घटनेप्रमाणें निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथें प्रत्येक संस्थानास एकच मत. क्ले यांनीं आपलें वजन अ‍ॅडम्स यांच्या पारड्यांत टाकलें, ९ फेब्रुवारी १८२५ रोजीं १३ संस्थानांच्या मतांनीं अ‍ॅडम्स निवडून आले, आणि थोड्याच दिवसांत क्ले परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सन यांच्या गोटांत संतापाचा आगडोंब उसळला. लोकांचीं सर्वांत अधिक मतें आपल्याला पडलीं असतां आपला हक्क सौदेबाजीनें हिरावून घेतला गेला, अशी त्यांची तक्रार होती. मोजलेल्या मतांपुरती ती खरी होती. पण २४ पैकीं ६ संस्थानांत, आणि त्यांत न्यूयॉर्कसारखें मोठें संस्थान होतें, लोकांनीं मत दिलेंच नव्हतें. तेथील निर्वाचक कायदेमंडळानें नेमले होते. शिवाय ज्यांना ‘लोक’ म्हटलें जात होतें त्यांत स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते, आणि स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकींहि फारच थोडे होते.

चार वर्षांनीं, १८२८ सालीं, जॅक्सन मोठ्या बहुमतानें निवडून आले. बहुमतानें राज्य चालावें हें अमेरिकन पद्धतीचें पहिलें तत्त्व होय, असें कायदेमंडळास पाठविलेल्या पहिल्याच वार्षिक निवेदनांत सांगून त्यांनीं निर्वाचकांचा हा मध्यस्थ वर्ग काढून टाकण्याची सूचना केली. ती कोणी ऐकली नाहीं. पण खरी झुंज लागली ती संयुक्त संस्थानांच्या बँकेवरून. या बँकेच्या सनदेची मुदत १८३६ पर्यंत होती. तरीहि क्ले आणि बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल यांनीं, निवडणुकींत जॅक्सन यांना पेंचांत धरावें म्हणून, १८३२ सालींच मुदतवाढीचा कायदा संमत करून घेतला. १० जुलै रोजीं जॅक्सन यांनीं तो नकाराधिकारानें फेंटाळला. नोव्हेंबरांत मतदान झालें. क्ले यांना ४९ निर्वाचक-मतें, जॅक्सन यांना २१९.

जॅक्सन यांनीं याचा अर्थ सरळ लावला. प्रश्न लोकांपुढें ठेवला होता, लोकांनीं उत्तर दिलें, बँक आतां मोडलीच पाहिजे. १८३३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं आपल्या मंत्रिमंडळापुढें हा युक्तिवाद लेखी मांडला आणि सरकारी ठेवी बँकेंतून हलविण्याचा निश्चय सांगितला. अर्थखात्याचे मंत्री विल्यम डुएन यांनीं त्या हुकुमावर सही करण्याचें नाकारलें, कारण कायद्यानें तो अधिकार अर्थमंत्र्याचा होता. डुएन यांना काढून त्यांच्या जागीं रॉजर टॉनी यांना बसविलें गेलें आणि ठेवी हालल्या. कायद्यानें जें थेट करतां येत नव्हतें, तें निवडणुकीच्या निकालाचा हवाला देऊन करण्याचा तो पहिला मोठा प्रसंग.

क्ले यांनीं सिनेटमध्यें यावर कडाडून हल्ला केला. निवडणुकीच्या निकालांतून कार्यकारी सत्तेचा हा कोणता नवाच उगम निघाला, असा त्यांचा प्रश्न होता. लोकांनीं जॅक्सन यांना निवडलें तें त्यांच्या लौकिकाकडे पाहून, बँकेवरील त्यांचें प्रत्येक मत मान्य करून नव्हे. युक्तिवाद भक्कम होता, पण तो क्ले यांच्या तोंडीं शोभत नव्हता. कारण बँकेचा प्रश्न निवडणुकीच्या आखाड्यांत ओढून आणणारे तेच होते. मात्र एक आकडा त्यांच्या बाजूनें बोलत होता. १८२८ सालीं जॅक्सन यांना लोकांचीं शेंकडा ५६ च्या आसपास मतें होतीं. बँकेचें रण माजल्यानंतर १८३२ सालीं तीं ५५ च्या आंत आलीं. निर्वाचक-मतें वाढलीं होतीं, लोकांचा पाठिंबा किंचित् ओसरला होता. २८ मार्च १८३४ रोजीं सिनेटनें २६ विरुद्ध २० मतांनीं अध्यक्षाच्या निषेधाचा ठराव केला. त्यास उत्तर देतांना जॅक्सन यांनीं अध्यक्ष हा अमेरिकन जनतेचा प्रत्यक्ष प्रतिनिधि होय, असें प्रतिपादन केलें. पुढच्या कित्येक अध्यक्षांनीं हीच गुढी आपापल्या दारीं उभारली आहे.

अब्राहम लिंकन यांना १८६० सालीं अवघीं शेंकडा ३९.८ मतें होतीं, आणि दक्षिणेच्या दहा संस्थानांतून त्यांच्या नांवावर एकहि मत मोजलें गेलें नाहीं. निर्वाचक-मतें मात्र ३०३ पैकीं १८०. लोकमताच्या काट्यावर तोलल्यास एवढ्या हलक्या पाठिंब्यावर याहून जड काम दुसऱ्या कोणत्या अध्यक्षानें उचललें असेल असें वाटत नाहीं. पण दक्षिण फुटून निघाली तेव्हां लिंकन यांनीं आधार घेतला तो पदग्रहणाच्या शपथेचा आणि राज्यघटनेचा.

यापेक्षां १८८८ ची निवडणूक अधिक बोलकी आहे. एकाच प्रश्नावर लढलेली निवडणूक हवी असेल तर ती हीच. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनीं १८८७ च्या डिसेंबरांत आपलें संबंध वार्षिक निवेदन आयातजकात कमी करण्याच्या एकाच विषयाला वाहिलें, आणि पुढचें वर्षभर देशांत दुसरी चर्चा नव्हती. मतदान झालें, क्लीव्हलंड यांना सुमारें ९० हजार मतें अधिक पडलीं, पण ज्या न्यूयॉर्कचे ते एके काळीं गव्हर्नर होते तें संस्थान हातचें गेल्यामुळें बेंजामिन हॅरिसन २३३ विरुद्ध १६८ निर्वाचक-मतांनीं अध्यक्ष झाले. रिपब्लिकन पक्षानें कौल जकातीच्या बाजूनें मिळाला असें मानून १८९० सालीं मॅकिन्ली यांच्या कायद्यानें ती आणखी चढविली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत प्रतिनिधिगृहांतील त्या पक्षाचें बहुमत वाहून गेलें. खुद्द मॅकिन्ली पडले. १८९२ सालीं क्लीव्हलंड पुन्हा अध्यक्ष झाले. तेव्हां लोकांचा खरा कौल १८८८ सालींच क्लीव्हलंड यांच्या बाजूनें होता, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तोहि आवरावा लागतो. कारण त्या ९० हजारांच्या आघाडीमागें दक्षिणेंतील जीं मतें होतीं, तेथें कृष्णवर्णीय नागरिकांना धाकदपटशानें मतपेटीपासून दूर ठेवलें जात होतें. त्यांचीं मतें पडलीं असतीं तर बेरीज कोणत्या बाजूला झुकली असती?

विसाव्या शतकांत वुड्रो विल्सन यांनीं या कल्पनेला तत्त्वज्ञानाचा पोशाख चढविला. अध्यक्ष होण्यापूर्वीं प्राध्यापक असतांनाच त्यांनीं साऱ्या राष्ट्राचा आवाज एकट्या अध्यक्षाचाच असतो असें लिहिलें होतें. स्वतः त्यांना १९१२ सालीं लोकांचीं शेंकडा ४१.८ मतें मिळालीं होतीं, कारण रिपब्लिकन पक्ष टॅफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांत दुभंगला होता. निर्वाचक-मतें मात्र ५३१ पैकीं ४३५. या तत्त्वज्ञानाची कसोटी १९२० सालीं लागली.

व्हर्सायचा तह आणि त्यांत गोंवलेला राष्ट्रसंघ सिनेटनें नोव्हेंबर १९१९ मध्यें नाकारला होता. विल्सन पक्षाघातानें अंथरुणाला खिळले होते. ८ जानेवारी १९२० रोजीं डेमोक्रॅट पक्षाच्या मेजवानींत त्यांचें एक पत्र वाचून दाखविण्यांत आलें. ती मेजवानी जॅक्सन यांच्याच स्मरणार्थ होती, हा योगायोग गमतीचा. येणारी निवडणूक म्हणजे राष्ट्रसंघावर जनतेचा गंभीर आणि महान् कौल ठरावा, असें त्या पत्रांत म्हटलें होतें. मार्चमध्यें तह पुन्हा मताला आला आणि ४९ विरुद्ध ३५ अशीं मतें पडून, दोन-तृतीयांशास सात कमी पडल्यामुळें, पुन्हा बुडाला. उरला होता तो लोकांचा कौल.

डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार जेम्स कॉक्स यांनीं राष्ट्रसंघाचा स्वच्छ पुरस्कार केला. रिपब्लिकन उमेदवार वॉरन हार्डिंग यांचें बोलणें मात्र असें कीं संघाचे शत्रु आणि मित्र दोघांनीहि त्यांतून आपापलें समाधान करून घ्यावें. ऑक्टोबरांत त्यांच्या पक्षांतील एकतीस प्रतिष्ठित पुढाऱ्यांनीं पत्रक काढून असें सांगितलें कीं, अमेरिका राष्ट्रसंघांत जावी असें ज्यांना वाटतें त्यांनीं हार्डिंग यांनाच मत द्यावें. सही करणारांत इलायहू रूट, चार्ल्स इव्हान्स ह्यूज आणि हर्बर्ट हूव्हर होते. त्याच वेळीं सिनेटर हायरम जॉन्सन यांच्यासारखे संघाचे कट्टर विरोधक संघ गाडण्यासाठीं हार्डिंग यांना मत द्या म्हणून फिरत होते. हार्डिंग यांना शेंकडा ६०.३ मतें पडलीं, तोंपर्यंत कोणालाहि न मिळालेलें यश. त्या मतांत महागाईला कंटाळलेल्यांचीं मतें होतीं, युद्धावर आणि त्यानंतरच्या संपांवर चिडलेल्यांचीं होतीं, तहामुळें दुखावलेल्या जर्मन, आयरिश व इटालियन वंशाच्या नागरिकांचीं होतीं, आणि राष्ट्रसंघ हवा असलेल्यांचींहि होतीं. सर्व मतपेट्यांतून निघालेलें नांव एकच. निकालानंतर दोनच दिवसांनीं हार्डिंग यांनीं राष्ट्रसंघ मेल्याचें सांगून टाकलें. १९२१ सालीं जर्मनीशीं अमेरिकेनें स्वतंत्र तह केला. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री होते पत्रकावर सही करणारे चार्ल्स इव्हान्स ह्यूज, आणि दुसरे सहीवाले हूव्हर त्यांच्या शेजारींच मंत्रिमंडळांत बसले होते. कौल मागणाऱ्या विल्सन यांना उत्तर मिळालें. पण तें त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें होतें कीं नाहीं, हें आजवर कोणालाहि सिद्ध करतां आलेलें नाहीं.

त्या निवडणुकींत कॉक्स यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठीं उभे राहून पडलेले तरुण गृहस्थ म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्ट. सोळा वर्षांनीं, १९३६ सालीं, त्यांनीं असा विजय मिळविला कीं त्याच्यापुढें हार्डिंग यांचा विजयहि फिका पडावा: लोकांचीं शेंकडा ६०.८ मतें, आणि निर्वाचक-मतें ५२३ विरुद्ध ८. मेन आणि व्हर्माँट हीं दोनच चिमुकलीं संस्थानें प्रतिपक्षाकडे राहिलीं. सिनेटमध्यें तीन चतुर्थांशांहून अधिक सभासद अध्यक्षांच्या पक्षाचे. ‘जनतेचा आदेश’ या शब्दाला कधीं वजन आलें असेल तर तें या वेळीं.

रूझवेल्ट यांच्या सुधारणांचे कित्येक कायदे सर्वोच्च न्यायालयानें १९३५ आणि १९३६ सालीं रद्द ठरविले होते. ५ फेब्रुवारी १९३७ रोजीं त्यांनीं त्यावरचा आपला उपाय जाहीर केला. सत्तर वर्षांवरील जो न्यायाधीश निवृत्त होणार नाहीं त्याच्यामागें एक असे जास्तींत जास्त सहा नवे न्यायाधीश नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना द्यावा, म्हणजे नवांच्या न्यायालयांत पंधरापर्यंत न्यायाधीश बसूं शकतील, अशी ती योजना होती. कारण दिलें होतें न्यायालयावरील कामाच्या बोजाचें. तें कोणालाहि पटलें नाहीं. खरी मेख निराळीच होती. प्रचाराच्या साऱ्या दौऱ्यांत या योजनेचा शब्दहि निघाला नव्हता. पक्षाच्या जाहीरनाम्यांत, गरज पडल्यास घटनेंत स्पष्टीकरणाची दुरुस्ती सुचवूं, एवढेंच होतें. ज्यांनीं रूझवेल्ट यांना बेकारांचा वाली म्हणून मत दिलें होतें त्यांतील पुष्कळांना न्यायालयांत आपलीं माणसें भरण्याची ही कल्पना आवडली नाहीं.

आणि विरोधाचें निशाण उभारलें तें त्यांच्याच पक्षांतल्या माणसानें, मोंटानाचे सिनेटर बर्टन व्हीलर यांनीं. एवढ्यांत न्यायालयाचाहि रोख पालटला. किमान वेतनाचा आणि कामगार-संघटनेचा असे दोन महत्त्वाचे कायदे त्यानें मार्च-एप्रिलमध्यें वैध ठरविले, आणि योजनेची गरजच उरली नाहीं. २२ जुलै रोजीं सिनेटनें ७० विरुद्ध २० मतांनीं तें विधेयक परत समितीकडे धाडून त्याचा निकाल लावला. आठ महिन्यांपूर्वीं ४८ पैकीं ४६ संस्थानें जिंकणाऱ्या अध्यक्षांना आपल्याच पक्षाच्या सिनेटमध्यें वीस मतें मिळालीं. लोकांनीं दिलेलें वकीलपत्र मोठें होतें. त्यांत हें काम लिहिलेलें नव्हतें.

येथें एक शंका सहज येते. निर्वाचकांची भानगड बाजूला ठेवून लोकमताचाच आकडा प्रमाण मानला तर निदान पाया तरी पक्का होईल ना? पण तो आकडाहि दिसतो तितका ठाम नाहीं. उमेदवार त्यासाठीं लढतच नाहींत. ज्या संस्थानांचा निकाल आधींच ठरल्यासारखा असतो तेथें ते फिरकत नाहींत, आणि तेथील कित्येक मतदारहि घरींच राहतात. राष्ट्राची एकंदर बेरीज घटनेच्या दृष्टीनें कोणतेंहि फळ देत नाहीं. १९६० सालीं तर ही बेरीजच वादग्रस्त ठरली. जॉन केनेडी यांनीं रिचर्ड निक्सन यांना सुमारें १ लाख १३ हजार मतांनीं मागें टाकलें, असें सर्वत्र छापलें जातें. पण अलाबामांत मतदारांनीं एकेका निर्वाचकास नांवानें मतें दिलीं होतीं, आणि तेथील डेमोक्रॅट पक्षाच्या ११ निर्वाचकांपैकीं केनेडी यांना बांधलेले होते पांच. उरलेले सहा कोणालाहि बांधलेले नव्हते, त्यांनीं पुढें सिनेटर बर्ड यांना मत दिलें. मग अलाबामाच्या मतदारांचीं मतें केनेडी यांच्या खात्यांत किती धरावीं? सगळीं धरलीं तर केनेडी पुढें. पांच-सहाच्या प्रमाणांत वांटलीं तर निक्सन सुमारें ५८ हजारांनीं पुढें. अध्यक्षपदाला त्यामुळें धक्का नाहीं, कारण निर्वाचक-मतें ३०३ विरुद्ध २१९ होतीं. परंतु ‘लोकांनीं केनेडींना निवडलें’ हें वाक्यहि हिशेबनिसाच्या लेखणीवर लटकलेलें आहे.

हें सर्व असूनहि जनादेशाचा दावा पोकळ घोषणा म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण कधीं कधीं तो फळतो. तो वरकरणीं जनतेला उद्देशून असला तरी त्याचे खरे श्रोते कायदेमंडळांत बसलेले असतात. आपल्या मतदारसंघांतील वारा अध्यक्षाच्या बाजूनें वाहतो आहे असें प्रतिनिधींना वाटलें, तर ते कांहीं महिने वांकतात. १९८० सालीं रोनाल्ड रेगन यांना शेंकडा ५०.७ मतें मिळालीं, पण निर्वाचक-मतें ४८९ विरुद्ध ४९ आणि सिनेट हातीं आलेलें. लोक कार्टर यांना विटले होते कीं रेगन यांच्या तत्त्वज्ञानावर भाळले होते, याचा शोध मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून घेतला गेला, तेव्हां बदल हवा होता असें म्हणणारेच अधिक निघाले. तरी १९८१ सालीं प्रतिपक्षाचें बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहानें त्यांची करकपात संमत केली. उलट २००४ सालीं, शेंकडा तेवढ्याच मतांनीं निवडून आलेल्या जॉर्ज बुश यांनीं, आपण राजकीय भांडवल कमावलें असून तें खर्च करणार आहों, असें मतदानानंतर दोनच दिवसांनीं पत्रकारांना सांगितलें. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेंत खाजगी खातीं आणण्याचा त्यांचा बेत २००५ सालीं कायदेमंडळांत मतालाहि आला नाहीं. मतें सारखीं, फळ निराळें. येल विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनीं १९९० सालीं एका लेखांत या साऱ्या कल्पनेस मिथ्यकथा म्हटलें, आणि तिची वंशावळ जॅक्सन यांच्यापर्यंत नेऊन भिडविली.

२०२४ च्या आकड्यांकडे परत पाहिलें तर त्यांत विलक्षण असें कांहीं नाहीं. ट्रंप यांची हॅरिस यांच्यावरील आघाडी सुमारें २३ लाखांची होती, म्हणजे २०१६ सालीं क्लिंटन यांना ट्रंप यांच्यावर जी मिळाली होती तिच्याहून लहान. पेनसिल्व्हानिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन संस्थानांत मिळून सुमारें २ लाख ३० हजारांच्या आघाडीनें निकाल ठरला. यापूर्वींच्या कित्येक अध्यक्षांनीं याहून कमी पुंजीवर हाच दावा केला आहे, त्यांत दोन्ही पक्षांचे आहेत.

निवडणूक थेट लोकमतानें व्हावी यासाठींचे प्रयत्नहि थोडे झाले नाहींत. १९६८ सालीं जॉर्ज वॉलेस यांनीं दक्षिणेंतील ४६ निर्वाचक-मतें पळविल्यानंतर कायदेमंडळ खडबडून जागें झालें, आणि १८ सप्टेंबर १९६९ रोजीं प्रतिनिधिगृहानें घटनादुरुस्तीचा ठराव ३३८ विरुद्ध ७० मतांनीं संमत केला. सिनेटमध्यें पुढच्या वर्षीं भाषणें लांबवून तो रोखण्यांत आला. चर्चा बंद करण्यास लागणारें दोन-तृतीयांश बहुमत जमलें नाहीं. २००६ पासून दुसरी एक वाट काढण्यांत आली आहे. आपले निर्वाचक राष्ट्राच्या एकंदर बेरजेंत पुढें असलेल्या उमेदवारास देण्याचा करार संस्थानांनीं आपापसांत करावा, आणि २७० निर्वाचक-मतांइतकीं संस्थानें सामील झालीं म्हणजे तो अंमलांत यावा, अशी ती योजना. मेरीलँडनें २००७ सालीं पहिल्यानें तो मान्य केला. २०२४ अखेर १७ संस्थानें व राजधानीचा जिल्हा मिळून २०९ मतें जमलीं होतीं. ६१ कमी होतीं.